हजर एक्केचाळीस

तास संपला की मी फळा पुसते. बत्तीस वर्षं पुसत आले. यात मोठेपणा काही नाही, नोकरीला लागले तेव्हाच हाताला ते वळण लागलं. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक धोंडिबा सर भारी कडक. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर अर्धा त्रिकोण तसाच ठेवून स्टाफरूममध्ये आले आणि चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच शिपाई बोलवायला आला. दोन जिने चढून वर गेले. सर वर्गाच्या दारात उभे, आत इतिहासाचे मास्तर हाताची घडी घालून उभे, आणि पन्नास पोरं माझ्याकडे टकामका बघतायत. सर एवढंच म्हणाले, "बाई, आपला पसारा पुढच्या माणसासाठी ठेवू नये." मी फळा पुसला, खाली आले, तर चहा गार झालेला. त्या दिवसापासून माझ्यामागून वर्गात येणाऱ्या माणसाला माझं एक अक्षर पुसावं लागलेलं नाही.

आणि याच सवयीपायी माझ्याकडून दहावी ब काढून घेतली. तेच सांगतेय.

मी भागीरथी मढवी. माहेर बाळकुमचं, कोळ्यांचं घर. वडील नाथा खाडीत जायचे आणि मुलीने खाडीत नाही, शाळेत जावं असं म्हणायचे. सासर मोहन्याचं. शाळाही मोहन्यातच, घरापासून चालत सात मिनिटं. भूमिती शिकवते. या एप्रिलअखेर निवृत्त होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, निरोपसमारंभात शाल द्यायची की साडी यावर स्टाफरूममध्ये कुजबुजही सुरू झाली होती. मला शालही नको होती आणि साडीही नको होती. मला एकच गोष्ट हवी होती. शेवटची दहावी, दहावी ब, बेचाळीस पोरं, ती मी स्वतः परीक्षेच्या दारापर्यंत पोचवायची आणि मग घरी बसायचं. बत्तीस वर्षांनी माणूस एवढं मागू शकतो असं मला वाटत होतं.

जूनमध्ये शाळेत स्मार्ट बोर्ड आला. आमच्या संस्थेच्या नऊ शाळा, नऊ बोर्ड. आमचा बोर्ड दहावी बच्या वर्गात लावला, तोही जुन्या फळ्याच्या बरोबर मध्यावर स्क्रू मारून. दोन्ही बाजूंना फळ्याच्या दोन काळ्या पट्ट्या उरल्या, त्यात एक समीकरणसुद्धा मावत नाही. शिपाई त्याला टीव्ही म्हणतो. पहिले आठ दिवस रोज विचारायचा, "बाई, टीव्ही लावू का?"

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मीटिंग घेतली. मुख्याध्यापक म्हणजे महेंद्र. माझाच विद्यार्थी, शहाण्णवच्या दहावीचा. त्याची आई भीमाबाई त्याला हाताला धरून पाचवीत घालायला आली होती ते मला अजून दिसतं. ऑफिसात मी त्याला सर म्हणते, तो मला बाई म्हणतो, आणि दोघांनाही ते थोडं जड जातं. त्याने संस्थेचं पत्र वाचून दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी बोर्डाच्या वापराचा रिपोर्ट निघणार. ज्या शिक्षकाचा वापर कमी, त्याच्याकडे दहावी राहणार नाही. त्याला पाचवीचे तास आणि लायब्ररी.

"वापर म्हणजे नक्की काय मोजणार?" मी विचारलं.

"सिस्टिम मोजेल बाई," महेंद्र म्हणाला. "आपण फक्त वापरायचं."

मी ठरवलं, वापरायचं. हट्टाने वापरायचं. घरी आमचे हे म्हणाले, "परीक्षेला नऊ महिने राहिलेत, कशाला डोकेफोड करतेस?" मी म्हटलं, "नऊ महिन्यांत आख्खं मूल तयार होतं, मला एक बोर्ड येणार नाही?" ते पेपर वाचायला लागले.

शिकवायला कंपनीकडून मेघाली आली. चोवीस वर्षांची, डोंबिवलीची, बोलायला फटाफट. पन्नाशीच्या पुढचे आम्ही सहा जण पहिल्या दोन बाकांवर बसलो, वह्या उघडून, समास सोडून. मेघाली म्हणाली, "लिहून नका घेऊ मॅम, करून बघा. इथे काहीच चुकत नाही, चुकलं तर बॅक जायचं." आमच्यातल्या दोघांनी तेही लिहून घेतलं.

माझ्या शेजारी प्रफुल्ल सर. विज्ञान शिकवतात, दहावी बचे वर्गशिक्षक. गोड माणूस. त्यांच्याशी भांडायला जावं तर खिशातून डबी काढून बडीशेप पुढे करतात, आणि तोंडात बडीशेप असली की भांडता येत नाही. त्यांनी पूर्ण ट्रेनिंगमध्ये एकच प्रश्न विचारला. "मॅडम, बोर्ड चालू आहे हे व्हरांड्यातून कळतं का?"

"हो सर, लांबून दिसतं."

"मग झालं," म्हणाले, आणि वही मिटली.

पहिला माझा नंबर. मी आयत काढला, कर्ण काढला, आणि उतरताना सवयीने ओलं फडकं घेऊन बोर्ड पुसायला लागले. मेघाली धावत आली. "मॅम, पाणी नको. प्लीज." मग तिने दाखवलं. खाली कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं, त्यावर बोट ठेवायचं. लगेच प्रश्न येतो, जतन करायचं? खाली हो आणि नाही.

"नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर सगळं जातं. बोर्ड क्लीन."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. फडकं नको, खडूची धूळ नको, आणि फळा लख्ख. धोंडिबा सर असते तर खूश झाले असते.

मेघाली तीन दिवसांनी निघून गेली, पण नंबर देऊन गेली. पुढचे अडीच महिने मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या वर्गात एकटी बसायचे. काय काय चुकलं ते विचारू नका. एकदा माझा त्रिकोण लहान होत होत ठिपका झाला आणि सापडेना. एकदा बोर्डाची भाषा बदलली आणि तासभर मी कुठल्या देशात आहे तेच कळेना. मेघालीला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचे, ती आवाज रेकॉर्ड करून उत्तर द्यायची, पाठीमागे तिची आई तिला जेवायला हाक मारत असायची. चिडायची नाही पोरगी. मीच चिडायचे. तिच्यावर, बोर्डावर, महेंद्रवर, स्वतःवर. पण शिकत गेले.

आणि ऑगस्टच्या एका शनिवारी मला ते जमलं. वर्तुळ काढलं, जीवा काढली, कंसावर एक बिंदू घेतला, तो जीवेच्या दोन्ही टोकांना जोडला. कोन आला बावन्न अंश. मग तो बिंदू बोटाने धरला आणि कंसावरून सरकवला. रेषा हलल्या, त्रिकोणाचा आकार बदलला, आणि कोन बावन्नच राहिला. परत सरकवला. बावन्नच. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात, हे वाक्य मी बत्तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. तीन बिंदू घेऊन तीन कोन काढून दाखवायचे आणि म्हणायचे, बाकीच्या बिंदूंसाठी माझ्यावर विश्वास ठेवा. आता विश्वासाची गरजच राहिली नव्हती. मी त्या रिकाम्या वर्गात पंधरा मिनिटं तो बिंदू इकडून तिकडे नेत उभी होते आणि मला रडू येत होतं. खोटं कशाला सांगू. नोकरी संपायला आली तेव्हा कोणीतरी माझाच विषय मला परत दिला असं वाटलं.

मग वर्गात शिकवलं. पोरं वेडी झाली. "बाई, परत करा ना. बाई, मला सरकवू द्या." महेंद्र व्हरांड्यातून जाताना थांबला, पाच मिनिटं खिडकीतून बघत राहिला, आणि मान डोलावून पुढे गेला. गणपतीनंतर महिनाभर वर्तुळ चाललं. स्पर्शिका झाली, चक्रीय चौकोन झाला. रोज घंटा झाली की डबा, जतन करायचं, नाही, आणि फळा स्वच्छ. पुढचा तास इतिहासाचा असायचा.

त्याच महिन्यात पायलच्या आईचा फोन आला. पायल म्हणजे पहिल्या बाकावरची, शहाडहून येते, बोलते कमी आणि खोडरबर जास्त वापरते. तिला कावीळ झालेली, डॉक्टरांनी महिनाभर घराबाहेर काढू नका म्हणून सांगितलेलं. आई म्हणाली, "बाई, ते बोर्डावर शिकवता ना तुम्ही, त्याचं काही मोबाईलवर पाठवता येईल का?"

"फळ्यावरचं कसं पाठवणार?" मी म्हटलं. "बरी झाली की मैत्रिणीची वही घ्यायला सांगा." आणि फोन ठेवला. घाईत होते. त्या दिवशी स्पर्शिकेची तयारी करायची होती.

दिवाळीआधी रिपोर्ट आला. महेंद्रने मला ऑफिसात बोलावलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. तेरा शिक्षकांची नावं आणि पुढे एकच रकाना. जतन केलेली पाने. सर्वांत वर प्रफुल्ल सर, ब्याण्णव. सर्वांत खाली मी, शून्य.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"चुकत नाही बाई, सिस्टिम आहे."

"महेंद्र सर, तुम्ही स्वतः खिडकीतून बघितलंत."

"बघितलंय ना बाई. माझ्या बघण्याला रकाना नाहीये." त्याने मान खाली घातली. "तुम्ही सेव्ह का नाही केलं?"

"शिकवून झालेलं फळ्यावर कोणी ठेवतं का?"

त्याने कागद परत स्वतःकडे फिरवला. त्यालाही त्याच शाळेत धोंडिबा सर होते. मी मेघालीला फोन केला. ती बिचारी म्हणाली, "मॅम, मला माहितीय तुम्ही सगळ्यात जास्त शिकलात. पण डेटाच नसेल तर मी काय दाखवू वरती?" मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. आणि फोन ठेवल्यावर घरातल्या कुकरवर राग काढला.

सुट्टीनंतर दहावी बची भूमिती प्रफुल्ल सरांकडे गेली. मला पाचवी अ, पाचवी ब आणि लायब्ररी. पाचवीची पोरं गोड असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जिन्याची होती. लायब्ररी तळमजल्यावर, पाचवी तिसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये दहावी बचा वर्ग. दिवसातून सहा वेळा त्या खिडकीवरून जायचं. आत प्रफुल्ल सर हातात गाईड घेऊन प्रमेय वाचून दाखवतायत, पोरं उतरवून घेतायत. त्यांच्या मागे बोर्ड सुरू आहे, झगझगीत, आणि त्यावर फक्त वार, दिनांक आणि हजेरी. व्हरांड्यातून छान दिसायचं. मी मान वळवून जायला शिकले. हेही एक ट्रेनिंगच म्हणायचं.

डिसेंबरात संस्थेने पुरस्कार जाहीर केला, तंत्रस्नेही शिक्षक. नऊ शाळांत मिळून सर्वाधिक पानं प्रफुल्ल सरांची. ती पानं कोणी उघडून बघितली नव्हती. मोजायला उघडावी लागत नाहीत. ठाण्यात सभागृहात कार्यक्रम, अध्यक्ष येणार, आणि पुरस्काराआधी विजेत्याने बोर्डावर पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल सर लायब्ररीत आले. दार लोटून घेतलं. डबी काढली.

"बडीशेप नको," मी म्हटलं. "बोला."

"मढवी बाई, तो बिंदू कसा सरकवायचा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बावन्न वर्षांचा माणूस, कपाळावर घाम.

"ब्याण्णव पानं केलीत ना तुम्ही?"

"अहो, ती एकच आहे. पहिल्या दिवशीचं. रोज त्याची कॉपी मारायची, तारीख बदलायची, सेव्ह. मला मेघाली मॅडमने तेवढंच... म्हणजे मी तेवढंच शिकलो. माझ्या मागे का लागले हे लोक कळत नाही. मी कधी पुरस्कार मागितला होता का?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. माझ्या मनात आलं, पडू दे तोंडावर. चांगलं भर सभेत, अध्यक्षांसमोर. असं मनात आलं हे कबूल करते, आणि चांगलं दोन मिनिटं ते मनात घोळवलं. पण मग ते म्हणाले, "मी आधी वर्तुळ काढतो आणि मग बिंदू बाहेर पडतो, असं का होतं?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुम्ही बिंदू वर्तुळाला चिकटवतच नाही, म्हणून." झालं. पोराने असं चुकीचं विचारलं की मला गप्प बसवत नाही, मग ते पोर बावन्न वर्षांचं का असेना.

आठ दिवस शिकवलं त्यांना. शाळा सुटल्यावर, दहावी बच्याच वर्गात. एकच अट घातली, हा पाठ आधी दहावी बला घ्यायचा, मग ठाण्याला. ते म्हणाले, नक्की. घेतला नाही, वेळ नाही मिळाला म्हणाले.

ठाण्याला मी गेले. नऊ शाळांचा स्टाफ, समोर सोफ्यावर अध्यक्ष. प्रफुल्ल सर नव्या जाकिटात. वर्तुळ काढलं, जीवा काढली, बिंदू घेतला, चिकटवला, आणि सरकवला. सभागृहात हां असा आवाज झाला. मग ते म्हणाले, "इतकी वर्षं मी मुलांना म्हणत आलो, माझ्यावर विश्वास ठेवा. आता विश्वासाची गरज नाही." माझं वाक्य, विज्ञानाच्या मास्तरांच्या तोंडी. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. पाठ चांगला झाला होता, आणि चांगल्या झालेल्या पाठाला टाळ्या वाजवाव्यात. फक्त माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या शाळेला केवढं भाग्य," तेव्हा मी पाणी प्यायला उठले.

अध्यक्षांनी तिथेच घोषणा केली. इतका तयार माणूस एका वर्गात अडकून पडायला नको. प्रफुल्ल सरांना नऊही शाळांचे मुख्य प्रशिक्षक नेमलं. सोमवार ते शुक्रवार शिक्षकांना शिकवायचं कसं ते शिकवायचं. मुलांना शिकवायला आता त्यांना वेळ राहणार नव्हता.

त्यामुळे दहावी बची भूमिती रिकामी पडली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात महेंद्र स्वतः लायब्ररीत आला. हातात पत्र. तात्पुरती व्यवस्था म्हणून सदर तास श्रीमती मढवी यांच्याकडे देण्यात येत आहेत.

"बाई," तो म्हणाला, "मी यापेक्षा चांगलं काही लिहू शकलो नाही."

"तात्पुरतं तर तात्पुरतं," मी म्हटलं. "मीही तात्पुरतीच आहे. एप्रिलपर्यंत." आतून मात्र इतका आनंद झाला होता की दहावी बच्या वर्गापर्यंत मी जिना एका दमात चढले. कोणाला सांगायचं नव्हतं, पण मी जिंकले असंच मला वाटत होतं. मी खरी, बाकी सगळे खोटे, आणि नशिबाने शेवटी मान्य केलं.

पंधरा दिवसांनी पूर्वपरीक्षा झाली. पेपर तपासायला बसले. पायलचा पेपर नीटनेटका, खोडाखोड नाही, त्रिकोण बरोबर, पायथागोरस बरोबर. आणि वर्तुळाचा सगळा प्रश्न कोरा. नुसता प्रश्नक्रमांक घालून खाली जागा सोडलेली, कोणी नंतर येऊन लिहील म्हणून सोडतात तशी.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. "वर्तुळ सगळं सोडलंस. का गं?"

"तेव्हा मी नव्हती ना बाई. कावीळ झालेली."

"मग वही उतरवून घ्यायची."

"घेतली. करिश्माची. पण तिच्यात नुसतं लिहिलंय. सगळे बोलतात बाईंनी बिंदू सरकवलेला आणि कोन तसाच राहिलेला. मी ते बघितलंच नाही. घरी पट्टीने करून बघितलं, माझे कोन वेगवेगळेच येतात." मग ती दप्तरात वाकली. "मम्मीने प्रफुल्ल सरांना पण फोन केलेला. त्यांनी लगेच पाठवलं सगळं. आम्ही स्टेशनजवळ प्रिंट काढल्या."

तिने प्लॅस्टिकचा फोल्डर काढला. ऑक्टोबरपासून दप्तरात असणार, कडा मऊ पडलेल्या. आत बावीस कागद. मी पहिला बघितला. वार सोमवार, खाली दिनांक, खाली पट बेचाळीस, हजर एक्केचाळीस. बाकी कोरा. दुसरा बघितला. वार मंगळवार, पट बेचाळीस, हजर एक्केचाळीस. तिसरा तसाच, चौथा तसाच. बावीसच्या बावीस. मला आधी हसूच फुटलं. कुठेतरी काहीतरी उलगडून मिळेल म्हणून त्या मायलेकींनी एकेका दिवसाची तारीख छापून आणली होती.

पायल हसली नाही. तिने शेवटचे दोन कागद वेगळे काढले. "बाई, यात चूक आहे. हे मी आली त्यानंतरचे आहेत. बुधवार आणि गुरुवार. या दोन दिवशी सगळे आलेले, मी पण पहिल्या बाकावर होती. तरी एक्केचाळीसच लिहिलंय." गणितातली चूक दाखवावी तशी ती दाखवत होती. तक्रारीचा सूर नव्हता.

मी ते दोन्ही कागद परत वाचले. ती म्हणाली, "तुमचं एखादं पान असेल तर द्या ना. वर्तुळाचं. एक पण चालेल."

"नाही माझ्याकडे."

"एक पण?"

"मी पुसते गं. रोज."

"सगळं?"

"सगळं."

तिने मान हलवली, कागद एकावर एक जुळवले आणि फोल्डरमध्ये परत ठेवले. फेकले नाहीत. मला शरम वाटली. सहा महिने मी सगळ्यांवर चिडत होते. सिस्टिमवर, महेंद्रवर, ब्याण्णव कोऱ्या पानांवर. पण त्या पोरीच्या आईने मागितलं तेव्हा प्रफुल्ल सरांनी निदान तारखा तरी पाठवल्या होत्या. माझ्याकडे खरं काहीतरी होतं आणि मी त्यावर बोट ठेवून नाही म्हटलं, रोज, मोठ्या अभिमानाने. पुढे येणाऱ्या माणसाची काळजी कशी घ्यायची ते धोंडिबा सरांनी मला शिकवलं. मागे राहिलेल्या पोरीचं काय करायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि बत्तीस वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजळणीचे सगळे धडे बाजूला ठेवले. दहावी बला म्हटलं, वर्तुळ परत. पोरांनी कुरकुर केली, मी डोळे मोठे केले, कुरकुर थांबली. त्या दिवशी पूर्वपरीक्षेचे पेपर मिळणार होते म्हणून झाडून सगळे आलेले. मी तरी मोजले. बोट दाखवून, एकेक, शेवटच्या बाकापर्यंत. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, वार शुक्रवार, खाली दिनांक, खाली पट बेचाळीस, हजर बेचाळीस. पायल ते वाचत होती. मी वर्तुळ काढलं, जीवा काढली, बिंदू चिकटवला आणि तिला पुढे बोलावलं. "सरकव."

तिने आधी बोट स्कर्टला पुसलं. मग बिंदू धरला आणि हळूहळू कंसावरून नेला, अगदी टोकापर्यंत. कोनाचा आकडा हलला नाही. तिने परत आणला. परत नेला. "खरंच राहतो," ती स्वतःशीच म्हणाली.

घंटा झाली. इतिहासाचे सर दारात येऊन उभे राहिले. मी डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. जतन करायचं? माझं बोट सवयीने उजवीकडे गेलं, नाहीवर. तिथून ते डावीकडे आणायला मला, सांगते, जिना चढण्यापेक्षा जास्त जोर लागला. हो. मग नाव विचारलं. मी पायल असं लिहिलं. त्यानंतर बोर्ड आपोआप कोरा झाला. म्हणजे ठेवणं आणि पुसणं दोन्ही एकदम होत होतं, आणि हे मला जूनपासून कोणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मेघालीने सांगितलं होतं. मी नाहीवरच थांबले होते.

चार दिवस वर्तुळ चाललं, चार पानं झाली. चारही संध्याकाळी पायलच्या आईच्या मोबाईलवर पाठवली. चौथ्या दिवशी फोनवर आई म्हणाली, "बाई, यात काहीतरी लिहिलेलं आहे." मी म्हटलं, हो.

मार्चमध्ये वर्षअखेरचा रिपोर्ट आला. प्रफुल्ल सरांची पानं चारशेच्या वर गेली होती, नऊ शाळांत हिंडून. माझ्या नावापुढे चार. शेवटच्या रकान्यात शेरा, वापर असमाधानकारक, प्रशिक्षणाची गरज. खाली मुख्य प्रशिक्षकांची सही, वळणदार.

महेंद्रने कागद माझ्यापुढे ठेवला. त्याला वाईट वाटत होतं, आईच्या हाताला धरून आला होता तेव्हासारखाच चेहरा झालेला. "बाई, जमायला लागलं होतं ना तुम्हाला? मग चारच?"

"एकच मुलगी राहिली होती," मी म्हटलं, आणि सही करून कागद परत दिला.